मास्तरांचं पथ्य

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. मी झोपेत दात खातो, मागून आणलेली पुस्तकं परत करत नाही, सभेत वक्ता 'या निमित्ताने' म्हणाला की चपला शोधू लागतो — हे सगळं. पण हे तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसाशी खोटं बोलायला तसं काही कारण नसतं. तरी पाहू. सवय जुनी आहे.

लकडगंजच्या पलीकडे, आरागिरण्या संपल्या की रुळांच्या बाजूला एक वस्ती होती. सत्तरच्या आसपास तिथे एका सेवा मंडळाचा कुष्ठरोगाचा दवाखाना चालायचा, दर रविवारी सकाळी. दोन खोल्या, एक डुगडुगणारं टेबल, आणि एक म्हातारे डॉक्टर — जे कुणाशीच फार बोलायचे नाहीत. मी सरकारी कचेरीत कारकून. आमचं घराणं राजेशाहीत दप्तर लिहायचं, मी लोकशाहीत लिहीत होतो. पिढ्यांची प्रगती म्हणायची ती एवढीच. रविवारी काही उपयोगाचं करावं म्हणून मी तिथे जाऊ लागलो. आता खरं बोलायचंच ठरवलंय, तर — उपयोगाचं करताना आपण दिसावं, हाही हेतू होता. पण सेवेत शिरताना हेतूची तपासणी होत नाही. फक्त हजेरी होते.

कार्डं भरणं आणि गोळ्यांच्या पुड्या देणं हे माझं काम. शिवाय तक्ता. भिंतीवर एक तक्ता टांगलेला असायचा. त्यावर चट्ट्यांची चित्रं. हातात छडी घेऊन मी समजावून सांगायचो: चट्ट्यावर पीस फिरवलं आणि कळलं नाही, तर घाबरू नका, इथे या. औषध घेऊन बरा झालेल्या माणसापासून हा रोग लागत नाही. त्याच्याशेजारी बसा. त्याच्या घरचं खा, त्याच्या हातचं प्या. 'त्याच्या हातचं प्या' म्हणताना माझा आवाज किंचित चढायचा. छडीमुळे सगळी वस्ती मला मास्तर म्हणू लागली, आणि ते मला आवडायचं.

वर्षातून एकदा कुणीतरी मोठे पाहुणे यायचे. एका वर्षी आलेल्या पाहुण्यांनी फोटोपुरता एका बऱ्या झालेल्या रुग्णाचा हात हातात घेतला, आणि मग गाडीच्या मागे जाऊन ड्रायव्हरकडून हातांवर थर्मासमधलं पाणी ओतून घेतलं. गरम होतं; ते ओरडले. हा प्रसंग मी कचेरीत अनेक वर्षं अभिनयासकट सांगत असे. लोक पोट धरून हसत. मी तो इतका छान सांगायचो, की माझ्या स्वतःच्या हातांकडे कुणी कधी पाहिलंच नाही.

ज्यांचा हात पाहुण्यांनी धरला होता ते शामराव. दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम करत. पूर्वी कापडगिरणीत होते. रोगाचं कळल्यावर गिरणी सुटली. औषधाने रोग गेला, पण दोन्ही हातांची बोटं आत वळलेली राहिली. त्या बोटांनी ते अशी पट्टी बांधायचे, की डॉक्टरही थांबून बघत. मला ते फार आवडायचे. हे वाक्य मी सवलत मिळावी म्हणून लिहीत नाही. खरंच आवडायचे. माझ्या भाषणानंतर ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "मास्तर, तुमचं भाषण आयकून तं मलेच भेव वाटून राहिलं, मले काई झालं का म्हणून." मी पुस्तकातलं काही मोठं वाक्य फेकलं की विचारायचे, "हे गोळीसंगं घ्याचं का जेवणानंतर?"

त्यांचं घर दवाखान्याच्या मागेच. छप्पन साली दीक्षा घेतलेलं कुटुंब. घरात बुद्धाची तसबीर, फळीवर पुस्तकं, आणि पुढे मॅट्रिकला पहिल्या झटक्यात पास झालेली एकुलती मुलगी — सुजाता. ज्या बाईने बुद्धाला खीर दिली तिचं नाव. माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला त्यातला टोमणा लगेच कळायला हवा होता. कळला नाही. शामरावांच्या बायकोचं नाव अंजनाबाई. पहिल्याच महिन्यात, दवाखाना आटपल्यावर, त्यांनी मला घरी बोलावलं आणि चहा ठेवला.

आणि मी — तक्त्यापाशी छडी घेऊन अर्ध्या तासापूर्वी 'त्याच्या हातचं प्या' म्हणालेला मी — म्हणालो, "चहा नको. डॉक्टरांनी बंद केलाय. पित्त."

इतकंच. तोंडातून निघून गेलं. तुम्हाला वाटेल, ही काय कबुली? थांबा. मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. येताना माझे पाय जड होताहेत, एवढं समजून घ्या.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण तुम्ही ती मनात विचारणारच. नाही, जातीमुळे नव्हे. त्याच वस्तीत चार घरं सोडून त्याआधी मी पोटभर जेवलो होतो, आणि त्याचाही मला थोडा गर्व होता. इथे मला भीती होती ती त्या बोटांची. सगळं वाचलेलं होतं, सगळं ठाऊक होतं, पण ज्ञान डोक्यात होतं आणि भीती घशात. आणि कप घशापाशी येतो. 'निदान जात तरी नव्हती' असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगितलं! चोर म्हणतो ना, निदान खून तरी केला नाही — तसं.

अंजनाबाईंनी पित्त फार मनावर घेतलं. पुढच्या रविवारी लिंबाचं सरबत. मी म्हणालो, घसा. त्याच्या पुढच्या रविवारी दूध. मी म्हणालो, पचत नाही. मग एकदा त्यांच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून संकोचाने त्यांनी एक केळं पुढे केलं, आणि मी ते घेतलं. सोललं आणि खाल्लं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला आजही दिसतो. मास्तरले केळं चालते! त्या दिवसापासून त्या घरात माझं पथ्य तयार झालं. केळं. भाजलेल्या शेंगा. उकडलेलं अंडं, कवचासकट. हिवाळ्यात संत्रं. तुमच्या लक्षात आलं ना? ज्याला साल आहे ते सगळं मला चालायचं. त्यांच्या लक्षात आलं नाही. शामराव एकदा म्हणाले, "पित्त आहे अन् संत्रं चालते? कोन्या डॉक्टरचं औषध आहे जी हे?" अंजनाबाईंनी त्यांनाच झापलं — "चालते म्हन्ते ना ते! तुमाले काहून पंचाईत? तुमी पट्टी बांधा." आणि माझ्यासाठी एक संत्रं अधिक ठेवलं.

घरी आणि कचेरीत मी दिवसाला सहा-सात कप चहा पीत होतो. फक्त त्या वस्तीत माझं पथ्य होतं. तिथल्या टपरीवरही मी चहा घेत नसे. कुणी पाहिलं तर? खोटं एका घरापुरतं बोललो होतो, पण पाळावं लागलं सगळ्या वस्तीत.

अशी सहा-सात वर्षं गेली. सुजाता मोठी झाली, शिवणकाम शिकली. मौद्याहून एक स्थळ आलं. मुलगा नुकताच सरकारी नोकरीला लागलेला. त्याचे वडील, पुंडलिकराव, तिथे शिंपीकाम करायचे. तेही दीक्षा घेतलेलेच. शामरावांनी त्यांना पहिल्याच भेटीत रोगाचं सगळं सांगून टाकलं. झाला होता, बरा झाला, हा डॉक्टरांचा कागद, हे हात. मी म्हणालो होतो, एवढं एकदम सांगायची घाई काय? ते म्हणाले, "मास्तर, लपवाचं असतं तं मी पट्ट्या बांधत बसलो असतो का सगळ्याइच्या समोर?" पुंडलिकरावांनी ऐकून घेतलं. म्हणाले, घरी येतो, सगळ्यांना बघतो, मग सांगतो.

अंजनाबाई माझ्याकडे आल्या. "तुमी असा त्या दिवशी. तुमी सांगतलं का लोकायले पटते."

मी कबूल केलं. आनंदाने केलं. भंडारा रोडवर मौद्याची बस थांबायची. वस्तीतलं घर सापडायचं नाही, म्हणून त्यांना आणायला मीच गेलो. चैत्रातली सकाळ, पण ऊन नऊलाच तापलेलं. पुंडलिकराव, त्यांची बायको, मुलगा. माणूस बारीक, चष्म्यातून मापं घेतल्यासारखा बघणारा. चालायला अंतर होतं, म्हणून लकडगंजात एका लाकडाच्या वखारीशेजारी टपरीवर थांबलो. मी सगळ्यांना चहा सांगितला. मी स्वतः दोन कप प्यालो. वस्तीबाहेर होतो ना. रोगाबद्दल त्यांनी शंका विचारल्या, मी एकेकीचं निरसन केलं; तक्ता नव्हता, पण बोट होतं. मी चांगलं बोललो. पुंडलिकरावांचा चेहरा मोकळा होत गेला. उठताना मी, का कोण जाणे, असंही म्हणालो, "चहाशिवाय आपली सकाळ होत नाही बुवा."

आता तुम्हाला पुढचं दिसू लागलं असेल. मला तेव्हा दिसलं नाही. इतकी वर्षं ते पथ्य मी एवढ्या सराईतपणे पाळलं होतं, की त्याला दोन बाजू आहेत हेच मी विसरलो होतो.

घर सारवलेलं, नव्या चादरी. शामराव पांढऱ्या सदऱ्यात. सुजाता ट्रे घेऊन आली. पुंडलिकरावांनी कप घेतला, त्यांच्या बायकोने घेतला, मुलाने घेतला. शामरावांनी दोन्ही तळव्यांत धरला, तसाच ते धरायचे. सुजाता माझ्यापुढे वळली, आणि अंजनाबाई आतल्या दारातून जवळजवळ ओरडल्याच:

"मास्तरले नोको देऊ वं! त्यायले पथ्य आहे ना! किती वर्षं झाले, चहाचा थेंब पेत नाई ते." आणि पाहुण्यांकडे वळून, कौतुकाने, "आमच्याकडचं फक्त केळं खाते जी."

एका बशीत एक केळं माझ्यापुढे ठेवलं गेलं.

पुंडलिकरावांचा कप ओठांपर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला. त्यांनी केळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्यांनी कप खाली ठेवला — आवाज न करता, सावकाश, जसा शिंपी कात्री खाली ठेवतो. नवऱ्याचं बघून बायकोनेही ठेवला. मुलगा मात्र चहा पीतच राहिला; तो सुजाताकडे बघत होता.

मी तेव्हा काय करायला हवं होतं? ट्रेमध्ये एक कप शिल्लक होता. उचलायचा आणि प्यायचा. "आज पथ्य मोडतो, आज आनंदाचा दिवस" — इतकं सोपं वाक्य. त्याने माझं खोटंही झाकलं गेलं असतं. हे वाक्य मला सुचलं. म्हणजे नंतर सुचलं असं नाही. तिथेच, त्या क्षणी, शब्दासकट सुचलं. आणि मी केळं सोलू लागलो.

बोलणी झाली, हसणंही झालं. निघताना पुंडलिकराव दाराबाहेर माझ्याजवळ थांबले, वाकून जोडे घालता घालता हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी दवाखान्यातले मानूस. आतलं तुमाले ठावूक. तुमी नाई पेले — मले समजलं. बरं झालं, तोंडानं सांगा नाई लागलं."

त्या माणसाने माझ्यावर रागवायला हवं होतं. पण नाही; ते माझे आभार मानत होते. माझ्या भित्रेपणाला ते माहिती समजले. इतका वेळ मी छडीशिवाय जे समजावलं होतं ते सगळं एका न उचललेल्या कपाने पुसलं गेलं, कारण माणूस काय बोलतो त्यापेक्षा काय पितो यावर शहाणी माणसं विश्वास ठेवतात. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: रोगाचं काही नाही हो, मीच भित्रा आहे. घरातून अंजनाबाईंचं हसणं ऐकू येत होतं. सहा-सात शब्दच तर होते. मी घड्याळाकडे पाहिलं.

मी म्हणालो, "अकराची बस मिळून जाईल तुम्हाला."

हीच ती गोष्ट. चहा नव्हे, चहा भीती होती, आणि भीतीला मी एक वेळ समजून घेईन. हे वाक्य मात्र मी पूर्ण शुद्धीवर असताना, विचार करून, उच्चारलं.

आठवड्याने निरोप आला. मुलाचा विचार बदलला. कारण दिलं नव्हतं. कारण न देणं ही त्यांची सभ्यता होती. घरात कारणाचा शोध सुरू झाला. नंतरचे कित्येक रविवार सुजाता मी आलो की शेजारी जायची. अंजनाबाईंना वाटलं, चादरी मळक्या दिसल्या असतील. शामरावांना कारण पुढच्या रविवारी सापडलं. एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधता बांधता, वर न बघता ते म्हणाले, "माह्या हातानं घात केला मास्तर. कप धरला ना मी त्यायच्या समोर. नसता धरला तं जमलं असतं." मी तक्त्यापाशी उभा होतो. हातात छडी. दवाखान्यात वीसेक माणसं होती, पण मला वाटतं ती नसती तरी मी बोललो नसतो.

दोन वर्षांनी खापाहून दुसरं स्थळ आलं. या वेळी शामरावांनी काहीच सांगितलं नाही. मुलाकडचे लोक येणार त्या दिवशी ते दवाखाना बंद असताना दवाखान्यात जाऊन बसले. पाहुण्यांना सांगितलं, मुलीचे वडील चंद्रपूरकडे कामाला असतात, रजा मिळाली नाही. जमलं. आयुष्यात कधी काही न लपवलेला माणूस — खरं बोलून मोडलं आणि खोटं बोलून जमलं, हा हिशेब त्याला शिकवला कोणी? वस्तीत मास्तर एकच होता. पुढे जावयाला सगळं कळलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला म्हणे, "मंग मांडवात काहून नव्हते बाबा?" त्याला कशाचंच काही नव्हतं.

मांडवाचं सांगतो आणि थांबतो.

एव्हाना माझी भीती मेली होती, हे मात्र नमूद करतो. कधी मेली कळलंच नाही. त्या घरचा चहा मी सहज प्यालो असतो. पण प्यायचा तर इतकी वर्षं का नाही प्यालो हे आलं, आणि ते आलं की मौदा आलं. म्हणून पथ्य चालू राहिलं.

लग्न घरापुढच्या मोकळ्या जागेत होतं. मी सकाळी पोहोचलो तेव्हा शामराव शेजारच्या घरात, खिडकी नसलेल्या बाजूला, नवीन धोतर नेसून खाटेवर बसले होते. मी जवळ जाऊन बसलो. ते खुशीत होते. पाहुणे आले, बाहेर त्रिशरण सुरू व्हायची तयारी झाली, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तोच हात.

"मास्तर, वडलाच्या जागेवर कोनी तरी पाह्यजे. अंजनाचा भाऊ दारू पेऊन आला, त्याले उभं नाई करता येत. तुमी उभे राहा. तुमच्याइतकं आमचं कोन आहे?"

मी नको म्हणालो. एकदा. माणसं शिष्टाचारासाठी म्हणतात तसं. मग मी उठलो, बाहेर गेलो, आणि सुजाताच्या वडिलांच्या जागी उभा राहिलो. पंचशील म्हणताना चौथं शील येतं — खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. मला पाली येत नाही, पण अर्थ ठाऊक होता. सगळ्यांबरोबर मीही म्हणालो. सुजाता माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि मांडवातली माणसं कौतुकाने माझ्याकडे बघत होती.

शामराव कुडाच्या भिंतीपलीकडे बसून सगळं ऐकत होते. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. दर रविवारी भेटत होते.